टेबलावरचे टॉवर

आमचे हे कामावरून आले की त्यांची पिशवी मी आधी बाल्कनीत ठेवायला लावते. मोबाइलच्या प्रत्येक टॉवरखाली एक पत्र्याची खोली असते, तिला हे केबिन म्हणतात. त्या केबिनमध्ये जे जे म्हणून कुजतं, अंडी घालतं आणि मरतं, त्या सगळ्याचा वास त्या पिशवीला असतो. कबुतरांची घाण, उंदरांच्या लेंड्या, जळक्या वायरी. एकदा केबलच्या वेटोळ्यातून वाळलेली पाल पडली, तीही मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर. हे म्हणतात कसे, "मेलेली आहे, काही करत नाही." जिवंत असती तर मी तिला बसायला खुर्ची देणार होते जशी.

तरुणपणी हे टॉवरवर चढायचे. वरून माझ्या माहेरची टेकडी दिसते, असं लग्नाआधी मला सांगायचे आणि मी भुलायचे. पुढे गुडघे गेले, मग ऑफिसने यांना खालचं काम दिलं. खालचं काम म्हणजे राउटर. केबिनमध्ये डब्याएवढी एक पेटी असते, टॉवरवर आलेलं बोलणं पुढे कुठे धाडायचं ते ती ठरवते. ती बिनसली की तिच्यात नवी फाइल घालावी लागते, नाहीतर त्या टॉवरखालच्या सगळ्या गावाचा फोन मुका.

आता फाइल घालणं म्हणजे पेनड्राइव्ह खुपसला आणि झालं, असं नाही. इथे लॅपटॉपने दुकान मांडून बसायचं आणि राउटरने गिऱ्हाइकासारखं येऊन फाइल मागायची. त्यासाठी लॅपटॉपला हाताने पत्ता द्यायचा, तोही राउटरच्या शेजारचा नंबर, कारण तो मेला शेजाऱ्याशिवाय कुणाशी बोलत नाही. वायफाय बंद करायचं. फायरवॉल म्हणून एक राखणदार दार अडवून बसलेला असतो, त्याला उठवायचं. फाइल ठरलेल्या फोल्डरमध्येच हवी. हे सगळं मला पाठ आहे, कारण कित्येक रविवार हा तमाशा माझ्या जेवणाच्या टेबलावर चालायचा. कुठल्याशा बंद पडलेल्या टॉवरचा एक राउटर यांनी घरी आणून ठेवला होता. लेकीचा जुना लॅपटॉप घ्यायचे, वायर जोडायचे, फाइल पाठवायचे, स्क्रीनचा फोटो काढायचे. पुन्हा पहिल्यापासून, नवा नंबर टाकून, पुन्हा फोटो. मी विचारलं तर म्हणाले, "सराव करतो." मला वाटलं, या वयात माणूस सुट्टीच्या दिवशी सराव करतो म्हणजे कौतुकच आहे. मी चहा करून द्यायचे.

यांच्या वरच्या साहेबाला सगळे फोटोसाहेब म्हणतात. टॉवर चालू झाला का, लोकांचे फोन लागतात का, हे त्या माणसाने उभ्या जन्मात विचारलं नसेल. "फोटो पाठवला का?" एवढंच. स्क्रीनवर फाइल पोचल्याची ओळ आणि टॉवरचा नंबर दिसला की त्यांच्या कॉम्प्युटरवर तो टॉवर हिरवा होतो. हिरवा झाला की संपलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, पण इथे पीठ कमी पडलं म्हणून ओरडायलाही कुणाचा फोन लागत नाही.

माझी आई टेकडीपलीकडे एकटी राहते. तिला दमा आहे. धाप लागली की ती मला फोन करते, मी वळणावरच्या दवाखान्याला कळवते, मग त्यांची गाडी तिला घेऊन जाते. असं आमचं ठरलेलं. तर परवा तिकडून येणाऱ्या बसचा कंडक्टर दारात उभा राहिला. म्हणाला, "ताई, आईंनी निरोप दिलाय, फोन लागत नाही. मागच्या आठवड्यात रात्रभर खिडकीचे गज धरून बसल्या होत्या." मी रोज फोन लावत होते, लागत नव्हता, आणि मला वाटत होतं की म्हातारी चार्जिंगला लावायला विसरली.

हे आले तेव्हा मी पिशवीचंही विसरले. सगळं सांगितलं. यांनी फोन काढला, नकाशा उघडला, टेकडीमागच्या टॉवरचा नंबर पाहिला आणि फोन पालथा ठेवून खाली बसले.

"काय झालं?"

"हा टॉवर झालेला दिसतोय."

"झालेला म्हणजे? कुणी केला?"

हे उठून पाणी प्यायला गेले. आतूनच म्हणाले, "उद्या सकाळी जाऊ आपण. ऑफिसला कळवायचं नाही."

टेकडीमागच्या केबिनची किल्ली तिथल्या रखवालदाराकडे होती. तो म्हणाला, "बरं झालं आलात साहेब. मी बसवाल्यांबरोबर सारखी तक्रार पाठवतोय, पण कुणी फिरकलंच नाही." यांनी किल्ली घेतली. दार उघडलं आणि वास अंगावर आला. खाली कबुतरांच्या घाणीचा जाड थर, त्यात पिसं, फुटकी अंडी, कोपऱ्यात काहीतरी मेलेलं. ओढणी नाकाला लावून मी आत गेले, कारण आईचा फोन त्या घाणीत अडकला होता.

यांनी बादली उपडी घातली, तिच्यावर लॅपटॉप ठेवला. पत्ता दिला, फोल्डर उघडला, राउटरला फाइल मागायला लावली. स्क्रीनवर ठिपके आले, ठिपके थांबले, आणि वेळ संपल्याची ओळ आली. पुन्हा तेच. शेवटी लक्षात आलं की जागा नवी बघून तो फायरवॉल पुन्हा दारात येऊन बसला होता. त्याला उठवलं तर वायर अडकवायची खुंटी तुटकी निघाली. मी अंगठ्याने ती दाबून धरली. हाताला काहीतरी चिकट लागत होतं, काय ते मी पाहिलं नाही.

"घरी तर एका चहात होतं," मी म्हणाले.

"घरचा राउटर धड आहे."

"मग धड राउटरमध्ये कशाला घालता फाइल?"

यांनी पुन्हा फाइल मागायला लावली. म्हणाले, "फोटो चांगला येतो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. घाणीचा वास मला तोवर सहन होत होता. "म्हणजे हा टॉवरही माझ्या टेबलावर झाला?"

"अगं, आमच्याकडे गावांची नावं नसतात, नुसते नंबर. हा आईंचा टॉवर आहे हे मला काय माहीत?"

"माहीत असतं तर?"

"तर आलो असतो. आलोय ना आता?"

"आणि बाकीच्या टॉवरांखाली कुणाची आई राहत नाही?"

"हे बघ, इतके टॉवर आणि मी एकटा. गाडी मागितली तर नाही, रजा मागितली तर नाही. रोज संध्याकाळी फोटो मात्र हवेत. सगळेच करतात. फोटोसाहेबाला कळत नाही असं वाटतं तुला? सगळ्या फोटोंत मागे तोच टेबलक्लॉथ आहे, फुलाफुलांचा. त्याने कधी तोंडातून शब्द काढला नाही."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे मला माहीत आहे. यांचे गुडघे रात्री मीच चेपते. तरीपण मला या माणसाची इतकी किळस आली की वायर सोडून बाहेर जावंसं वाटलं. मी सोडली नाही. पलीकडे माझी आई होती.

फाइल गेली. राउटर बंद झाला, चालू झाला, दिवे लागले. मी तिथूनच फोन लावला. दुसऱ्या रिंगला आईने उचलला. "अगं, लागला की," असं म्हणून ती रडायलाच लागली. मीही रडले. मग म्हणाली, "जावईबापूंनीच केलं ना? दे त्यांना." मी फोनचा स्पीकर लावून यांच्यापुढे धरला.

"देव तुमचं भलं करो," आई म्हणाली. "एक सांगू का? नदीपलीकडे माझ्या बहिणीकडे पण असंच झालंय. तिचे यजमान अंथरुणाला खिळलेत, आणि बिचारीला डॉक्टरला बोलवायचं तरी पंचाईत. तिकडचा टॉवर बघाल का एकदा?"

यांनी आपल्या फोनवर नकाशा उघडून नदीपलीकडचा नंबर पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. मावशीचा टॉवर कुठे झाला ते मला त्या बघण्यातच कळलं.

"तो झालाय, आई," हे म्हणाले. आवाज अगदी नम्र, जावयाचा. "आमच्या रेकॉर्डला चालू आहे."

"हो का? मग तिचाच फोन बिघडला असणार. नवा घे म्हणून निरोप पाठवते तिला."

"हो," हे म्हणाले. "तसंच सांगा."