पास झालास का?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — प्रज्ञाला तर नाहीच. तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण तेही आडून आडूनच येतंय बघा.

गोष्ट सिंगापूरची, दोन हजार सालानंतरची. आम्ही नवराबायको हौगांगला राहायचो आणि दोघांची ऑफिसं चांगी बिझनेस पार्कमध्ये. एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, लांबचा वळसा, म्हणून जुनी स्कूटर घेतली. लायसन्स फक्त प्रज्ञाकडे. ती पुढे, मी मागे. मित्र चिडवायचे, मी हसायचो.

नागपूरहून सासूबाई फोनवर म्हणायच्या, तुमच्याकडे हिवाळाच नाही, मजा आहे. मजा? नोव्हेंबर ते जानेवारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस. रेनकोट असूनही गळ्यातून, बाह्यांतून पाणी आत शिरायचं आणि तशा ओल्या अंगाने दिवसभर एसीत कुडकुडायचं. तोच तिथला हिवाळा. पुढे बसणारी सगळा पाऊस छातीवर घ्यायची. मागचा — म्हणजे मी — तिच्या पाठीआड बराचसा कोरडा.

त्या नोव्हेंबरात मी लायसन्सची टेस्ट दिली. पास झालो की पावसाचे महिने मी चालवायची, असं ठरलं होतं. नेमका त्याच दिवसांत माझा एम्प्लॉयमेंट पासही — तिथे नोकरी करायचा परवाना — रिन्यूअलला अडकलेला. दुपारी तिचा फोन आला. "पास झालास का?" पलीकडे ऑफिसचा गोंगाट, मी ऐकलं, पास झाला का? म्हटलं, "नाही गं, अजून नाही." ती म्हणाली, "असू दे. पुढच्या वेळी होशील."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टेस्ट तर मी पास झालो होतो! एका 'स'चा घोटाळा — हसून दुरुस्त करायला कितीसा वेळ लागतो? पण खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता, आणि मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. ओल्या रस्त्यावर, लॉरीच्या चाकांशेजारून स्कूटर न्यायची मला भीती वाटत होती. मागे बसलं की डोळे मिटता येतात. पुढच्याला ती सोय नाही. मी म्हणालो, "हो, बघू." तिथपर्यंत ती चूक होती. पुढचं सगळं खोटं.

डिसेंबरात तिचा उजवा हात आखडू लागला. पोळ्या लाटताना मध्येच थांबून मनगट दाबायची. मग खोकला. पाऊस फारच झाला की इतर दुचाकीवाल्यांसोबत आम्हीही फ्लायओव्हरखाली थांबायचो. ती खोकून खोकून वाकायची आणि मी तिची पाठ चोळायचो. पाठ चोळायला हात होते, बोलायला तोंड नव्हतं. रविवारी बुद्धवंदनेला शेजारी बसून आम्ही पंचशील म्हणायचो. खोटं न बोलण्याचं ते चौथं शील — 'मुसावादा वेरमणी' — आलं की माझा आवाज खाली जायचा. तिला वाटायचं, मला ते नीट पाठ नाही.

जानेवारीत तिला न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाले, हा भिजल्याने होत नाही, जंतूंनी होतो. असेलही. पण अंगात ताप घेऊन, आखडलेल्या हाताने तिने स्कूटर चालवली, ती कुणामुळे? ते कुठल्या जंतूंवर ढकलू? ती बरी झाली, पण दम पूर्वीसारखा राहिला नाही. पुलाउ उबीन बेटावर सायकलने मला मागे टाकणारी ही बाई आता दोन जिने चढली की कठड्याला टेकते. स्कूटर विकून टाकली. मी पुन्हा कधी टेस्ट दिली नाही, आणि यात तरी खोटं काही नाही.

परवा घरी पाहुणे आले होते. त्या दिवसांचा विषय निघाला. प्रज्ञा त्यांना म्हणाली, "हा आरामात एमआरटीने कोरडा गेला असता. पण पावसात एक दिवस मला एकटीला सोडलं नाही यानं."

सगळ्यांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी ते कौतुक घेतलं.