माणूस चांगला, गोष्ट घेऊ नये

अमेरिकेतल्या मराठी घरात दह्याचे रिकामे डबे साठतात, तसे आमच्या ऑफिसात किस्से साठतात. मुद्दाम कोणी ठेवत नाही, पण टाकवतही नाहीत.

मी वेस्ट विंडसरजवळच्या एका लायब्ररीत जुन्या अरबी ग्रंथांचा डेटाबेस सांभाळतो. हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आठवणी, ज्यांनी ज्यांनी पुढे सांगितल्या त्यांची हजारो चरित्रं तेव्हाच्या विद्वानांनी जमवली. गुरू कोण, भेट झाली होती का, स्मरण कसं. शेवटी शेरा : भरवशाचा, विसराळू, घेऊ नये.

आमच्या प्रमुख सलमाआपा, मूळच्या मिरजेच्या. त्यांनी आमचीही तशीच कार्डं केली. माझ्यावर लिहिलं, ‘माणूस चांगला. गोष्ट घेऊ नये.’ त्या महिन्याभरात रिटायर होणार होत्या. त्याआधी शेरा बदलून घ्यायचाच, असं मी ठरवलं.

* * *

सुरुवात वाईट झाली. इथला जुना ग्रंथपाल लिफ्टमध्ये अडकला आणि अख्खा शब्दकोश वाचून बाहेर आला, हे त्याने स्वतः मला सांगितल्याचं मी लंचला सांगितलं. न्यू जर्सीतच जन्मलेल्या, आमच्या ऑफिसातल्या रियाने वर्ष विचारलं. मी ठोकून दिलं. तिने लॅपटॉपवर पाहिलं.

“काका, ही डाइड फोर इयर्स बिफोर दॅट.”

जुने विद्वान थापाड्यांना असेच तारखांत पकडायचे, हे तिला मीच शिकवलं होतं!

* * *

एक विद्वान म्हणे एका हदीससाठी कित्येक दिवस चालत गेला. तिथे ती सांगणारा माणूस घोड्याला अंगरख्याचा रिकामा घोळ दाखवून, दाणे असल्याचं भासवून बोलावत होता. विद्वान तसाच परतला. जनावराला फसवणाऱ्याचं काय घ्यायचं?

हे आपांनी सांगितलं त्याच आठवड्यात मी आमच्या कुत्र्याला बिस्किटांचा रिकामा पुडा दाखवून गाडीत बसवत होतो. आपा ऑफिसच्या खिडकीत होत्या. कार्डावर खाली एक शब्द वाढला : ‘कुत्र्यानेही.’

* * *

मग मी आठवडाभर फक्त खरं बोललो. लंच दहा मिनिटांत संपायला लागला. शुक्रवारी आपांनी माझ्या बायकोला फोन करून माझी तब्येत विचारली.

* * *

आपांचा शेवटचा दिवस. सकाळी मी आणि त्या पार्किंगमधून केक आणत होतो, तर त्यांच्या गाडीमागून अस्वल आलं. काळं, चांगलं थोराड. मी केक तिथेच ठेवला आणि आम्ही दोघं आत पळालो.

लंचला सगळ्यांनी केक कुठे म्हणून विचारलं. मी सांगितलं. सगळे हसले.

“काका, नॉट टुडे,” रिया म्हणाली.

आपा उभ्या राहिल्या. “अस्वल होतं. मी पाहिलं.”

मी म्हटलं, आता माझं कार्ड काढा. आपांनी पर्समधून वेगळंच कार्ड काढून रियापुढे ठेवलं. त्यांचं स्वतःचं. तेही आहे, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आपांकडून मराठी वाचायला शिकलेल्या रियाने एकेक अक्षर लावत वाचलं :

‘सलमा. मिरज. भरवशाची. गेल्या ईदपासून विसरू लागली. त्यानंतरचं घेऊ नये.’

रियाने कार्ड पालथं ठेवलं. खुर्ची माझ्याकडे वळवली.

“काका, हाऊ बिग वॉज द बेअर?”