बाहेरची कडी

दर रविवारी घोडबंदर रोडच्या होस्टेलात आम्ही आईबाप बाकड्यावर बसतो. आमची मुलं म्हणजे चाळिशीचे घोडे, समज तेवढी लहान राहिलेली. बसून बसून आमची ढुंगणं झिजली, किस्से मात्र वाढत गेले.

माझा विलास तिथेच. त्याची आई गेल्यापासून माझ्याशी एक शब्द नाही. मी कळव्याहून जातो, तो भिंत बघतो, मी परत येतो.

आधी तिथे कोणी ओरडलं की खोलीत घालून बाहेरून कडी. आतून दार बडवलं की मुलं सांभाळणारा मामा म्हणायचा, "शांत झालास की उघडतो."

मग नवीन मॅडम आल्या. "कोंडायचं नाही, बांधायचं नाही. का ओरडतो ते आधी बघायचं." मी म्हटलं, ही बाई महिनाभर टिकत नाही.

*

शोभा स्वतःचा हात चावायची, म्हणून ओढणीने हात बांधलेले. मॅडमनी ओढणी सोडली नि पुढ्यात मटार ठेवले. बसली सोलत. चावणं कमी झालं, पण सगळं होस्टेल रोज मटार खातंय. शोभाची आई कोळीण. ती म्हणाली, "मॅडम, आता कोलंबी द्या की तिला सोलायला."

*

बाबू साखर खातो म्हणून किचनला कुलूप. ते काढलं. पहिल्या दिवशी बाबूने डबा फस्त केला. आता ढुंकून बघत नाही. साखर तरी संपतेच. कुलूप स्वयंपाक्याला लावायला पाहिजे होतं.

*

नंदू सारखा गेटकडे पळायचा. मॅडम म्हणाल्या, "चल, कुठे जायचंय?" गेल्या त्याच्यासोबत. नंदूने रोडवरचं ट्रॅफिक बघितलं, हॉर्न ऐकले, कानावर हात ठेवून माघारी फिरला. वॉचमन म्हणाला, "हाच शहाणा. आपण रोज त्यात जातो."

*

मग मॅडम मला म्हणाल्या, "काका, विलासला एक दिवस घरी न्या."

"बोलेल का?"

"ते नाही सांगता येणार, काका."

आणला. आईच्या खाटेवर बसला, भिंत बघत. बांगडा तळला, शिवला नाही. माझं डोकं फिरलं. ओरडलो, "अरे, बोल की कायतरी. बाप आहे मी तुझा!"

विलास उठला, बाहेर गेला, बाहेरून कडी घातली.

मी दार बडवलं. "विलास, उघड रे."

"शांत झालास की उघडतो."

मी दाराला पाठ लावून खाली बसलो. आई गेल्यापासून पहिल्यांदा बोलला माझ्याशी.

मग हळूच परत दार वाजवलं.