शीरमाल पास होईपर्यंत

साइटवरचे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. खिशात स्क्रू-वॉशर साठतात तसे ते साठतात, आणि घरी येऊन खिसा उलटा केला की टेबलभर पसरतात. लखनौच्या सहा आठवड्यांचं माझं तसंच झालंय. ऑफिसात डबा उघडला की कोणीतरी म्हणतंच, "ए, ते उस्तादांचं सांग ना." मग माझी भाजी गार होते.

तर आमची कंपनी सांगलीची, बेकऱ्यांसाठी इलेक्ट्रिक भट्ट्या बनवणारी. निशातगंजमधल्या एका बेकरीने आमची भट्टी घेतली आणि ती बसवायला मला पाठवलं. इन्चार्ज म्हणून माझी ही पहिलीच साइट. बरोबर शिंदेमामा, आमचे सगळ्यात जुने फिटर. चारचौघांत मला मॅडम म्हणतात, चिडले की पोरी. निघताना साहेबांनी बजावलं, "सहा आठवड्यांत ट्रायल पास झाली नाही, तर दुसऱ्या कोणाला पाठवेन. मग तू आहेस आणि तुझी कोटेशनं." कोटेशनं टाइप करण्यात माझी तीन वर्षं गेली होती. पुन्हा त्या खुर्चीत बसायचं नाही, एवढं मी ठरवूनच गाडीत चढले.

बेकरीचे मालक फरहानभाई. त्यांची एकच अट. शीरमाल, म्हणजे दुधात मळलेली केशरी, गोडसर रोटी, नव्या भट्टीत उस्तादांच्या मनासारखी व्हायला हवी. उस्ताद म्हणजे त्यांचे सत्तरीचे कारागीर. "उस्ताद पास कर दें, तो मैं आँख मूँदकर साइन कर दूँगा," फरहानभाई म्हणाले. मी मनात म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना.

*

पहिल्याच दिवशी उस्तादांनी आपल्या जुन्या तंदूरमधली गरम शीरमाल आमच्यापुढे ठेवली. मामांनी चार खाल्ल्या. उस्तादांनी अदबीने विचारलं, "कैसी लगी, जनाब?"

मामा बोटं पुसत म्हणाले, "ठीक है."

आता मामांचं 'ठीक' म्हणजे काय, ते सांगलीत विचारा. स्वतःच्या मुलीच्या लग्नातल्या जेवणालाही ते "ठीक होतं" एवढंच म्हणाले होते, आणि आचारी ते अजून गावभर सांगत फिरतो. पण उस्तादांचा चेहरा पडला. दोन दिवस ते आमच्या बाजूला फिरकले नाहीत. फरहानभाईंनी मला बाजूला घेतलं, "उस्ताद पूछ रहे थे, उनसे कोई गुस्ताख़ी हुई क्या?"

मी मामांना झापलं. "मामा, इथे 'लाजवाब' म्हणायचं असतं."

"चार खाल्ल्या की मी," मामा म्हणाले. "अजून काय बोलायचं?"

*

एका रविवारी चौक नावाच्या जुन्या बाजारात गेलो, मामींसाठी चिकनकारीचा कुर्ता घ्यायला. मामा म्हणजे घासाघीस करण्यात पट्टीचे. सांगलीच्या मंडईत त्यांना बघून भाजीवाल्या तोंड फिरवतात. गल्लीतून चालतानाच त्यांनी बाह्या सरसावल्या होत्या.

दुकानदाराने गादीवर बसवलं, चहा मागवला, तीसेक कुर्ते उलगडून दाखवले. मामा गरजले, "भाव बोलो, आखरी भाव!"

दुकानदार हात जोडून म्हणाला, "आप बुज़ुर्ग हैं. जो मुनासिब समझें, दे दीजिए."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी कुर्त्याकडे. शेवटी त्यांनी चिठ्ठीवरचे पूर्ण पैसे दिले, वर एक ओढणीही घेतली. बाहेर आल्यावर पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "तो भांडायलाच तयार नाही. मी एकटा किती भांडणार?"

*

तिसऱ्या आठवड्यात पहिली ट्रायल. शीरमाल बाहेर आली. उस्तादांनी तुकडा मोडला, तोंडात टाकला, डोळे मिटले. "माशाअल्लाह. लाजवाब! क्या मशीन बनाई है, बेटा."

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर फोटो आला. सांगलीचं अख्खं वर्कशॉप पेढे खात होतं.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म घेऊन फरहानभाईंच्या समोर. ते बिचारे संकोचले. "मैडम, उस्ताद ने अभी पास कहाँ किया?"

"लाजवाब बोले ना वो!"

"वह तो... आप मेहमान हैं न."

साहेबांना हे सांगताना माझी जी अवस्था झाली, ती वैऱ्याचीही होऊ नये. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पेढे सगळ्यांच्या पोटात गेलेत, बाई. आता मी काय सांगू त्यांना?"

*

आम्ही राहायला वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत होतो, पवार वहिनींच्या वरच्या खोलीत. वहिनी साताऱ्याच्या, मिस्टर हवाई दलात, लखनौत सहावं वर्ष. त्या रात्री जेवताना मी ताटातच रडले. रागाने रडले, खरं सांगते. तोंडावर गोड बोलणाऱ्या माणसांचा मला असा संताप आला होता.

वहिनी पोळी वाढत म्हणाल्या, "अगं, मी पहिल्या वर्षी शेजारच्या श्रीवास्तव आंटींना पुरणपोळी दिली. 'वाह, क्या चीज़ है' म्हणाल्या आणि अर्धी ताटात टाकली. आता येतात, 'आज इलायची कम है' म्हणून नावं ठेवतात आणि चार बांधून नेतात."

त्यांची दहावीतली ऋचा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "दीदी, नुक़्स तो घरवालों में निकालते हैं."

मामा ताकाचा पेला खाली ठेवत म्हणाले, "पोरगी हुशार आहे."

*

खोट काढायची ती घरच्यांचीच; म्हणजे आता उस्तादांकडून शिव्या खायच्या होत्या. काय काय केलं मी त्यासाठी! करपलेली शीरमाल पुढे केली, तर म्हणाले, "ख़ूब रंग आया है." कच्ची दिली, तर म्हणाले, "कितनी मुलायम है."

पाचवा आठवडा लागला. साहेबांचा फोन आला, सहावा आठवडा संपला की लगेचच्या सोमवारचं दुसऱ्या इंजिनिअरचं तिकीट बघून ठेवलंय म्हणाले. मी भट्टीच्या पायरीवर डोकं धरून बसले.

मामा शेजारी टेकले. "पोरी, महिनाभर तू त्यांना तुझी भट्टी दाखवतेयस. त्यांची बघितलीस का एकदा तरी?"

बघितली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जाऊन तंदूरजवळ स्टूल टाकून बसले. उस्ताद चिमूटभर मैदा तंदूरच्या आत टाकायचे, त्याचा रंग बघायचे, मगच रोटी लावायची. थर्मामीटर नाही, काही नाही.

मी आमच्याकडे येऊन भट्टीतल्या दगडी लादीवर चिमूटभर मैदा टाकला. डिस्प्लेवर आकडा अगदी बरोबर, आणि मैदा मात्र बघता बघता काळाठिक्कर.

"यह क्या फूँक रही हैं आप?"

मागे उस्ताद उभे. "नीचे की आँच कम कीजिए. मैं तो पहले दिन से देख रहा हूँ. और दूध का छींटा इतनी जल्दी कौन देता है? किस अनाड़ी ने सिखाया आपको?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. फरहानभाई धावत आले, "उस्ताद, मेहमान हैं!"

"काहे के मेहमान?" उस्ताद कडाडले. "पाँच हफ़्ते से यहीं पड़े हैं!"

*

सहाव्या आठवड्याचा शनिवार. शेवटची ट्रायल.

शीरमाल उस्तादांनी स्वतः लावली. खालच्या आचेच्या बटणावर मामा. तासभर उस्ताद त्यांना बोलत होते. बटण फिरवता की हँडपंप मारता, इथपर्यंत गेलं. मामा निमूटपणे ऐकून घेत होते. फरहानभाई फॉर्म आणि पेन घेऊन दाराशी उभे होते.

रोट्या बाहेर आल्या. उस्तादांनी तुकडा मोडला. या वेळी डोळे मिटले नाहीत. चावत राहिले. दुसरा तुकडा खाल्ला. मग खांद्यावरचं फडकं काढून त्यात दोन शीरमाल गुंडाळल्या, घरी न्यायला.

सगळं झाल्यावर त्यांनी मामांकडे बघितलं.

"ठीक है," उस्ताद म्हणाले.

मामा मान खाली घालून उगाचच पाना पुसत बसले. फरहानभाईंनी पेनचं टोपण काढलं.

मी साहेबांना फोन लावला. ते आधीच सावध. "काय, परत लाजवाब म्हणाले का?"

"नाही सर. 'ठीक आहे' म्हणाले."

मग साहेब फोन हातात धरूनच वर्कशॉपमध्ये कोणाला तरी ओरडले, "अरे, पेढे आणा रे!"