बाटलीतली माती

आमच्या वस्तीमागे बंद पडलेला रंगाचा कारखाना आहे. तिथली जमीन तपासायला सरकारने पैसे दिलेत. आज एक मुलगी हातमोजे घालून माती बाटलीत भरत होती. मी जवळ गेले तशी म्हणाली, "मावशी, हात नका लावू. विषारी निघाली तर सगळी उपसून नवी टाकणार आहेत."

मी हात मागे घेतला. सुमी पोटात होती तेव्हा मला माती खायचे डोहाळे लागले होते. रोज तिथलाच लालसर खडा आणून चघळायचे. किती छान वास यायचा त्याला!

जमिनीतली माती उपसता येईल. माझ्या लेकीच्या अंगात गेली असेल तर?

घरी आले तेव्हा सुमी वेणी घालत होती. "आई, अशी काय बघतेस गं?"

"काही नाही," म्हणाले, आणि तिच्या कंगव्यातले गळलेले केस हळूच उचलून पाहिले.