ठेवा, मी लावते

आलेल्या फोनवर मार्थाबाई साळवे कधी बोलत नसत. फोन उचलायचा, नाव विचारायचं आणि सांगायचं, "ठेवा, मी लावते." मग टेबलावरची निळी वही उघडून त्या माणसाचा नंबर शोधायचा, स्वतः लावायचा आणि मगच बोलायचं. पुण्याच्या मुलालाही हाच नियम होता आणि चर्चच्या पाळकांनाही. नगरच्या सावेडीत त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे निवृत्त मास्तर म्हणत, "बाईंना यमाचा फोन आला तरी त्या म्हणतील, ठेवा, मी लावते. वहीत त्याचा नंबर नाही, म्हणून बाई टिकून आहेत."

ही सवय नोकरीतली होती. बाई राहात्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल नोंदवावा लागे, तो काळ. ऑपरेटर नोंद घेई, उलट फोन करून खात्री करी आणि दोन्ही बाजू जोडून देई. त्या कामाचं वर्णन बाई एका वाक्यात करत: "लाईन जोडायची आणि बाजूला व्हायचं." हे वाक्य त्या फार वेळा म्हणत. इतक्या वेळा का, ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

आमची ओळख माझ्या चुकीमुळे झाली. राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणाचा मसुदा सरकारनं प्रसिद्ध केला होता आणि त्यावर नागरिकांच्या सूचना मागवल्या होत्या. आमच्या दैनिकात मी त्याची आठ ओळींची बातमी आतल्या पानावर दिली. सकाळी कार्यालयात फोन आला.

"बातमी तुम्ही लिहिली?"

"हो."

"सूचनांची शेवटची तारीख दिलीत. मसुदा कुठं मिळेल ते दिलं नाहीत. म्हणजे लोकांनी मसुदा न वाचता मत द्यायचं?"

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली आणि मसुद्याची छापील प्रत घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. मसुदा इंग्रजीत होता. बाईंनी शब्दकोश जवळ घेतला आणि रोज चार पानं या हिशेबानं तो वाचून काढला. समासात पेन्सिलीनं त्यांचे शेरे असत. 'नागरिकांनी आपला पासवर्ड गुप्त ठेवावा' या वाक्याशेजारी लिहिलं होतं: 'ज्याला वाचता येत नाही त्यानं कसा?' एका परिच्छेदात 'हितसंबंधी' अशा अर्थाचा शब्द सात वेळा आला होता. तिथं लिहिलं होतं: 'हे कोण? यात मी आहे का?'

एका कलमापाशी मात्र त्या थांबल्या. एखाद्या संस्थेकडून लोकांची माहिती फुटली तर तिनं सरकारी यंत्रणेला ठरावीक तासांत कळवावं, असं ते कलम होतं. बाईंनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

"ज्याची माहिती फुटली, त्याला कधी कळवायचं?"

मी पुढची पानं चाळली. त्याचा उल्लेख कुठंच नव्हता.

"हीच माझी सूचना," बाई म्हणाल्या. "ज्याची गोष्ट फुटली, त्याला आधी सांगा. ऑफिसला नंतर."

सूचना दोन ओळींची होती. मुदतीला नऊ दिवस होते. तरी बाईंनी ती पाठवली नाही. दोनदा विचारल्यावर तिसऱ्यांदा त्यांनी कारण सांगितलं.

राहात्याला असताना एका संध्याकाळी त्यांनी पुण्याच्या हॉस्पिटलमधून आलेला कॉल जोडला. एक गृहस्थ आपल्या भावाला सांगत होते, "पोरीला फिट आली." लाईनवर खरखर होती, म्हणून आवाज नीट पोचतो का हे पाहायला बाई क्षणभर थांबल्या होत्या. तेवढंच त्यांच्या कानावर पडलं. मुलगी ओळखीची होती आणि तिचं लग्न ठरलेलं होतं. दोन दिवसांनी बाजारात तिची होणारी सासू भेटली. बाईंनी तिला काळजीनं विचारलं, "पोरीला आता बरं आहे ना?"

लग्न मोडलं. कुठून कळलं, ते त्या सासूनं कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी, तापानं झालं होतं, पुन्हा होणार नाही, असं सांगितलं होतं. ते त्या कॉलमध्ये पुढं होतं. बाई तोवर बाजूला झाल्या होत्या.

"वडलांनी ती गोष्ट एकट्या भावाला सांगितली होती," बाई म्हणाल्या. "त्यामुळं सगळ्यांना वाटलं, भावानंच फोडली. चाळीस वर्षं झाली. ती मुलगी काष्टीला दिली आहे. मी सरकारला सांगणार, आधी त्याला सांगा. आणि मी तिला सांगितलेलं नाही."

मुदतीच्या दोन दिवस आधी आम्ही नगरहून दौंडकडे जाणाऱ्या एसटीनं काष्टीला गेलो. बाईंनी मला सोबत घेतलं ते, त्यांच्याच शब्दांत, "परत फिरावंसं वाटलं तर लाज वाटायला कुणीतरी हवं" म्हणून.

कौसल्याबाई ओसरीवर लिंबं निवडत बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, सडपातळ. त्यांनी बाईंना ओळखलं नाही. चहा झाल्यावर बाईंनी सगळं सांगितलं. क्रम न चुकवता, आवाज न बदलता सांगितलं. "काळजीनं विचारलं" हे शब्द त्यांनी या वेळी वगळले, याची मी नोंद घेतली.

कौसल्याबाईंच्या हातातलं लिंबू हातातच राहिलं.

"तुमी व्हय?"

"मी."

"लगीन मोडलं त्याचं मला काय न्हाई. ह्ये घर चांगलं मिळालं. पन माझा चुलता, रंगनाथतात्या..." त्या थांबल्या. "त्यानं शपथ घेतली हुती बापाम्होरं. कुनी मानली न्हाई. मी बी न्हाई. वीस वर्सं बोलले न्हाई त्याच्याशी. त्याच्या मातीला गेले न्हाई."

क्षमा मागण्याचा शब्द बाईंनी उच्चारला नाही. परतताना मी कारण विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "मागितली असती तर द्यायचं ओझं तिच्यावर पडलं असतं."

"आजच का सांगाया आला?" कौसल्याबाईंनी विचारलं.

बाईंनी पिशवीतून मसुदा काढला आणि ते कलम मराठीत समजावलं. "दिल्लीला लिहिणार आहे. तुमचं उदाहरण द्यावं का, ते विचारायला आले. नाही म्हणालात तर देणार नाही."

कौसल्याबाईंनी दोन-तीन लिंबं निवडून क्रेटमध्ये टाकली.

"माझं नाव नगं. पोरांना कशाला? पन चुलत्याचं घाला. त्यानं सांगितलं न्हवतं, आसं लिवा. पुरं नाव लिवा."

सूचना मराठीतच जाणार, असा बाईंचा आग्रह होता. इंग्रजी भाषांतर मी खाली जोडलं. मजकूर पाऊण पानाचा झाला. स्वतःचं नाव, हुद्दा, एक्स्चेंज आणि काय केलं ते बाईंनी सरळ लिहिलं होतं. शेवटून दुसरं वाक्य होतं: 'श्री. रंगनाथ यशवंत वाकचौरे यांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती.' ते काढावं, असं मी सुचवलं. धोरणाशी त्याचा संबंध नव्हता.

"बातमी तुमची असते तेव्हा तुम्ही काटता," बाई म्हणाल्या. "ही सूचना माझी आहे."

मेल गेला. मिनिटभरात पोच आली: आपली सूचना प्राप्त झाली आहे. बाईंनी चष्मा लावून ती वाचली. "हे यंत्र बोलतंय," त्या म्हणाल्या. "माणसानं वाचलं की कळेल." त्यानंतर काही कळलं नाही. पुढं अधूनमधून मी चौकशी करी, तेव्हा सूचनांचा विचार चालू आहे, असं उत्तर मिळे.

मार्थाबाई गेल्या हिवाळ्यात वारल्या. निळ्या वहीतल्या सर्वांना कळवावं, असं त्यांनी मुलाला सांगून ठेवलं होतं. शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात एक नंबर होता. समोर नाव नव्हतं, नुसतं 'काष्टी' लिहिलेलं होतं. तो फोन मी केला.

दफनाच्या दिवशी कौसल्याबाई एसटीनं एकट्या आल्या. जमलेल्या बायकांत न मिसळता मागं उभ्या राहिल्या. सगळ्यांची माती देऊन झाल्यावर पुढं आल्या, वाकून मूठ भरली आणि टाकली. पुन्हा वाकल्या आणि दुसरी मूठ टाकली. दोनदा का, ते कुणी विचारलं नाही.

फाटकापाशी त्यांनी मला गाठलं.

"दिल्लीहून काय आलं का?"

"अजून नाही."

"न का येईना. तात्याचं गेलंय न्हवं?"

"गेलंय. पूर्ण नावानं."

त्यांनी मान हलवली आणि बसस्टँडकडं जाणाऱ्या रिक्षाला हात केला.