माणूस तिथे दिवा

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं वीज खात्यात मीटर वाचले. घरोघरी जायचं, जिन्याखाली वाकायचं, आकडे टिपायचे आणि निघताना, कोणी विचारलेलं नसताना, "आतल्या खोलीत कोणी नाही, मग दिवा कशाला जळतोय?" असं सुनावून यायचं. हे निवृत्त झाले तेव्हा अख्ख्या गावाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो सगळा उपदेश माझ्या एकटीच्या वाट्याला आला.

म्हणजे कसं, ते सांगते. मी स्वयंपाकघरातून कोठीच्या खोलीत जाते, डबा काढून वळते, तोवर स्वयंपाकघरातला दिवा गेलेला असतो. तिकडे जाऊन लावावा तर मागे कोठीतला जातो. हातात उकळतं पातेलं आणि चहूकडे काळोख. "अहो, मी आहे घरात!" हे वाक्य मी लग्नापासून जितक्यांदा ओरडले असेन, तितक्यांदा स्वतःचं नावही घेतलं नसेल. त्यावर ह्यांचं ठरलेलं उत्तर, "मला वाटलं, गेलीस तू." कुठे जाणार मी, कपाळ माझं? या घरात बायको नावाचं एक माणूस राहतं, एवढं एकदा ह्यांच्या डोक्यात पक्कं बसावं, याहून माझं दुसरं काही मागणं नव्हतं.

तर निवृत्तीनंतर ह्यांनी मागच्या खोलीत खेळण्यातली रेल्वे मांडली. खेळण्यातली म्हटलेलं त्यांना खपत नाही, प्रतिकृती म्हणायचं. दोन मोठ्या फळ्या, त्यावर बोटभर रुंदीचे रूळ, एक स्टेशन आणि आजूबाजूला मुठीएवढी बावीस घरं. असल्या हौशी लोकांचं एक मंडळही आहे. वर्षातून एकदा शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन असतं. मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर. ते गाव बघायला आले, गाडी फिरलेली पाहिली, मान डोलावली आणि म्हणाले की छान आहे, पण गावात साथ येऊन सगळे गेल्यासारखं वाटतं. यंदा हॉल अंधारा ठेवणार होते. घराघरात दिवे लागले तर मधलं टेबल, नाहीतर स्वच्छतागृहाच्या दाराशेजारचं.

हे पेटले. मोहरीएवढे दिवे आले, केसासारख्या तारा आल्या, फळीला खालून भोकं पडली. पहिलं घर लावलं आणि खिडक्या राहिल्या बाजूला, अख्खं घरच उजळलं! भिंती प्लास्टिकच्या, उजेड आरपार. मग बावीस घरांची छपरं उचकटून भिंतींना आतून काळा रंग देणं आलं. त्यासाठी माझ्या नेलपॉलिशचा ब्रश कामी आला. मला विचारायची पद्धत आमच्याकडे नाही.

पण रंग वाळल्यावर खरंच फक्त खिडक्यांतून पिवळा उजेड आला. मी टाळ्याच वाजवल्या. ह्यांनी वाकून एका खिडकीला डोळा लावला आणि त्यांचं तोंड पडलं.

"आत कोणी नाही," ते म्हणाले आणि त्यांनी तार उपटली.

मी समजावलं, डॉक्टरांनी फोनवर समजावलं, पण ऐकतील तर शपथ. बाविसाच्या बावीस घरांतले दिवे काढले. माणूस तिथे दिवा, बाकी अंधार. शेवटी माणसांचं एक पाकीट मागवलं. ती निघाली फलाटावरची माणसं, सगळी उभी आणि हातात बॅगा. घरात कोण बॅग घेऊन उभं राहतं? मग माझ्या नेलकटरने त्यांचे पाय गुडघ्यात कापून त्यांना खुर्च्यांवर बसवलं. आठवडाभर माझ्या बशीत पाय होते. मी चहा गाळण्याआधी बशी झटकायला शिकले.

प्रदर्शनाच्या दिवशी मी आणि वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीणबाई, मिळून गेलो. मधलं टेबल मिळालं होतं. हॉल अंधारा, आणि ह्यांचं गाव काय सुरेख दिसत होतं! एकेका खिडकीत ओळखीचं माणूस. न्हावी होता, पोस्टमन होता, दातांचे डॉक्टर होते, हे स्वतः फलाटावर वही घेऊन उभे होते. वेटिंग रूममध्ये वन्संची प्रतिकृती बसली होती आणि खऱ्या वन्सं आपले पाय कुठे गेले म्हणून भावावर तणतणत होत्या. मग त्या स्टेशनशेजारच्या हिरव्या दाराच्या घराशी वाकल्या. ते आमचं घर.

"अगं, तुझ्या घरात तर चिटपाखरू नाही," त्या म्हणाल्या.

मी पाहिलं. स्वयंपाकघर, कोठी, पुढची खोली, मागची खोली, सगळीकडे लख्ख दिवे आणि माणूस एकही नाही. न्हाव्याला जागा आहे, डॉक्टरांना आहे, मला नाही! माझा पारा असा चढला की डॉक्टरांसमोरच विचारलं, "माणसं संपली वाटतं पाकिटातली?"

ह्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत एक बाई होती, माझ्या स्वेटरच्या हिरव्या रंगात रंगवलेली. तिचे पाय शाबूत होते.

"ठेवून पाहिली," हे म्हणाले. "स्वयंपाकघरात ठेवली की कोठीतला दिवा काढावा लागतो. कोठीत ठेवली की तिकडचा. तू एका जागी असतेस कुठे? म्हटलं, सगळेच राहू देत. कुठेही गेलीस तरी उजेड असेल."

खरं सांगते, मला भरून आलं. इतक्या वर्षांत ह्या माणसाने पहिल्यांदा रिकाम्या खोलीत दिवा ठेवला होता, आणि तोही माझ्यासाठी.

त्याच संध्याकाळी घरी आल्यावर मी पातेलं घेऊन कोठीकडे वळले आणि दिवा गेला. मी ओरडले. दिवा लगेच आला. बघते तर हे स्विचबोर्डाशी गोंद घेऊन उभे, आणि बटणाच्या बरोबर वर त्या हिरव्या स्वेटरवालीला चिकटवत होते.

तेव्हापासून बटणाकडे बोट गेलं की ते तिला लागतं आणि हे हाक मारतात, "आहेस का गं?" मी कुठेही असले तरी "आहे" म्हणते. परवा तर मी गच्चीवर होते आणि खाली चारही खोल्यांत दिवे जळत होते.